परमुलखातली भाड्याची मोटार

मोटार भाड्याने घेण्याची कल्पना माझी होती, दादाची नव्हती. हे आधी लिहून ठेवतो. आमच्या घरात ही हकीकत ज्या रीतीने सांगितली जात आली, तीत मोटारीची हौस दादाला होती, धाकट्याने बिचाऱ्याने फक्त चालवली, असं येत गेलं. तशी ती सांगायला सुरुवात दादानेच केली होती. मी ती कधी दुरुस्त केली नाही. दादाला जाऊन आज पंधरवडा झाला. आता ती दुरुस्त करू शकेल असा मी एकटाच उरलो आहे.

दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता. वडील गेले तेव्हा तो इंटरला होता आणि मी चार वर्षांचा. त्याने कॉलेज सोडलं आणि गढ्याच्या एका शाळेत मास्तरकी धरली. जबलपुरातच गोरखपूर म्हणून वस्ती आहे, तिथल्या बाजारामागे आमच्या दोन खोल्या होत्या. तिथून तो रोज पायी गढ्याला जायचा आणि पायी यायचा. व्याकरण शिकवावं तर त्यानेच. त्याच्या वर्गात ‘कर्ता’ म्हणजे कोण हे पोरांना एकदा कळलं की जन्मात विसरत नसे. पण त्याच्याजवळ पदवी नव्हती. त्याच्या एकोणीस वर्षांत शाळेला तीन हेडमास्तर आले. तिघेही पदवीधर आणि शेवटचे दोघे त्याच्याहून लहान. प्रत्येकाला टाइमटेबल कसं बसवायचं हे दादानेच शिकवलं. माझी पदवी मात्र झाली. मी नागपूरला चार वर्षं राहून बी. ए. होऊन आलो, ती सगळी त्याची कमाई.

त्या साली एका रियासतीतल्या मिडल स्कूलला हेडमास्तर हवा असल्याची जाहिरात आली. रियासतीचं नाव मी लिहीत नाही. ती आमच्या जबलपूरहून साठ-पासष्ट मैलांवर होती, पण राजा वेगळा, कायदा वेगळा, स्टँपचे कागदसुद्धा वेगळे. जाहिरातीत पदवीची अट नव्हती. अनुभव हवा होता. दादाने अर्ज केला आणि भेटीचं बोलावणं आलं. अमुक दिवशी अकरा वाजता दिवाणसाहेबांच्या कचेरीत हजर राहावं. इंग्रजी मुलखात त्याला कोणी हेडमास्तर करणार नव्हतं. वय अडतीस झालं होतं. जी काही संधी होती ती ही एकच होती, आणि घरात कोणी तसं बोलत नसलं तरी आम्हा तिघांना, म्हणजे आईला, त्याला आणि मला, ते पक्कं ठाऊक होतं.

त्याचा बेत साधा होता. आदल्या दिवशी रेल्वेने जायचं, पुढे टांगा करायचा, धर्मशाळेत मुक्काम करायचा, सकाळी आंघोळ करून धुतलेले कपडे घालून कचेरीत जायचं.

मी म्हटलं, “दादा, टांग्यातून उतरणाऱ्या माणसाला कोणी हेडमास्तर करतं काय? मोटारीने जाऊ. मी चालवतो.”

नागपूरला माझ्या खोलीवरच्या एका श्रीमंत मित्राने मला मोटार शिकवली होती. जबलपूरला आल्यावर मी लायसन्सही काढलं होतं. ते खिशात घालून मी दोन महिने नुसता हिंडत होतो.

आई म्हणाली, “काहून रे, रेलगाडी मेली काय?”

दादा हसला. “चलो, जाऊ दे आई. त्याने लायसन्स काढून ठेवलं आहे, ते वाळवी खाऊन राहिली.”

मोटार सदर बाजारातल्या एका गॅरेजमधून घेतली. गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. तो आपला माणूस बरोबर पाठवायला तयार होता. तसाच रिवाज होता. मी नको म्हटलं. उस्तादने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दादाला विचारलं, “मास्साब, ये चला लेंगे?”

“चला लेगा,” दादा म्हणाला. “मैं साथ में हूँ.”

“आप साथ में हैं तो क्या, आप धक्का देंगे,” उस्ताद म्हणाला, आणि मग मला, “भैया, मोटर घोड़ा नहीं है, रास्ता खुद नहीं देखती. बोनट गरम हो तो पानी डालना. दिमाग गरम हो तो भी पानी डालना.”

मोटार जुनी होती, वर कॅनव्हासचं टप. समोर हँडल मारून सुरू करावी लागे. एकाने आत बसून ॲक्सिलरेटर सांभाळायचा आणि दुसऱ्याने बाहेर हँडल फिरवायचं, तर ती पटकन ऐके. पहाटे निघताना हँडल दादाने फिरवलं. त्याच्या अंगावर पांढरा बंद गळ्याचा कोट होता, आईने घरीच इस्त्री केलेला, आणि धुतलेलं धोतर. माझ्या डोक्यावर सोलाहॅट होती. ती मित्राची होती. नागपूरहून येताना मी ती परत करायची विसरलो होतो, किंवा विसरलो असं त्याला लिहिलं होतं.

सिहोऱ्यापर्यंत रस्ता बरा होता. दादा कागदांची सुरळी मांडीवर धरून बसला होता आणि वाटेतल्या गावांची नावं मोठ्याने वाचत होता. त्याला मजा वाटत होती. आश्विनातलं ऊन चढू लागलं तसा रेडिएटर दोनदा उकळला. दोन्ही वेळा पाणी आणायला दादा गेला, कारण मला म्हणे गाडीजवळ थांबणं भाग होतं. दुसऱ्या वेळी विहीर लांब होती. परत आला तेव्हा कोटाच्या बाहीला चिखल लागला होता. तो त्याने रुमालाने पुसला. डाग गेला नाही.

रियासतीच्या नाक्यावर एक मुनशी खाटेवर बसला होता. त्याने रजिस्टर उघडलं.

“कहाँ के हो?”

“जबलपूर,” मी म्हटलं.

“मतलब परदेसी,” तो म्हणाला आणि तसंच लिहिलं. मला गंमत वाटली. घरातून निघाल्याला चार तास झाले नव्हते आणि आम्ही परदेशात होतो. इंग्रजी लायसन्स इथे चालत नाही, असं त्याने सांगितलं. मग एका दिवसाचा परवाना लिहून दिला आणि बॉनेटवर खडूने एक आकडा काढला. शेवटी त्याने नियम सांगितला. गावात शिरल्यावर महालाची भिंत लागेल. ती संपेपर्यंत कोणी वाहनात बसून जायचं नाही. सवारीने खाली उतरायचं, जोडे हातात घ्यायचे, छत्री असेल तर मिटायची.

“और मोटर?” मी विचारलं.

“मोटर में ड्राइवर बैठे. वो अपने आप तो चलेगी नहीं.”

दादाने विचारलं, “और बैलगाड़ी हो तो?”

“तो गाड़ीवान भी उतरेगा. बैल तो चल लेते हैं.”

गाडी सुरू झाल्यावर दादा म्हणाला, “म्हणजे या राज्यात अक्कल बैलाला आहे, मोटारीला नाही. नमूद करून ठेव.” आम्ही दोघं खूप हसलो. त्या दिवशी आम्ही एकत्र हसलो ते तेवढंच.

महालाची भिंत सुरू झाली तिथे एका शिपायाने हात केला. दादा उतरला, जोडे काढून हातात घेतले, कागद काखेत धरले. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. भिंत अर्धा मैल तरी होती. रस्त्यावर पांढरी फुफाट्याची धूळ. घरी मी असं सांगितलं की एवढ्या हळू नेली असती तर इंजिन बंद पडलं असतं, म्हणून मला पुढे जावं लागलं. ते खोटं नव्हतं. पण खरं हे की समोरच्या दुकानांतून लोक उठून मोटार बघायला बाहेर येत होते, आणि हॅट घालून एकट्याने मोटार चालवताना मी कसा दिसत असेन याचं मला भान होतं. मी दुसरा गिअर टाकला. मागे वळून पाहिलं तेव्हा धुळीत दादा दिसला नाही.

कचेरीसमोर मोठं पटांगण होतं आणि कडेला एक कडुलिंबाचं झाड. मोटारीचा आवाज ऐकून एक पेशकार बाहेर आला, दिवाणसाहेबांचा कारकून. डोक्याला रेशमी साफा, तोंडात पान. हॅट, मोटार आणि मी, हे त्याने एका नजरेत पाहिलं.

“जबलपुर से? हेडमास्टरी के लिए?”

“जी,” मी म्हटलं. म्हणजे त्यासाठी आलो आहोत, असं मला म्हणायचं होतं. ते ‘जी’ तेवढ्यापुरतं निष्पाप होतं, असं मी आजही मानतो. पुढचं नव्हतं.

दादा पोहोचायला बराच वेळ लागला. आला तेव्हा तो जवळजवळ धावत होता. अकरा वाजायला आले होते. जोडे हातात, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं, टोपीखालून घामाचे ओघळ, आणि त्या ओघळांवर धूळ बसून तोंडावर पट्टे उठलेले. पेशकार माझ्या शेजारी उभा होता. मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही, राग आला. याने असं दिसू नये, आत्ता तरी, या माणसासमोर तरी, असा राग.

“अरे, काय करून राहिला होतास तू?” मी म्हटलं. “ये लवकर. कागद दे इकडे. अन् तोंड पूस आधी.”

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्यात धाकटा भाऊ थोरल्याला ‘तू’च म्हणतो. आईलाही आम्ही ‘तू’ म्हणत होतो. गोरखपुरात आमच्या शेजारच्या हिंदी घरातल्या काकूंना त्याचं कायम नवल वाटे. त्यांच्याकडे मोठ्या भावाला ‘आप’. ‘तू’ म्हणायचं ते लेकराला नाहीतर नोकराला. त्या आईला म्हणत, “दीदी, तुम्हारा छोटा तो बड़े को डाँटता रहता है.” जबलपुरात लोकांना आमची ही तऱ्हा माहीत होती, हसून सोडून देत. बाजारातसुद्धा आम्ही दोघं मराठीतच बोलायचो आणि कोणी ऐकतं आहे याचा विचार करत नव्हतो. मी परमुलखात आलो होतो हे नाक्यावर रजिस्टरात लिहिलं गेलं होतं, पण माझ्या जिभेला ते कळलं नव्हतं. माझ्या त्या वाक्यांतलं पेशकाराला सगळं समजलं नसेल. ‘तू’ समजलं, ‘दे’ समजलं, कागद समजला. आणि सूर तर सगळ्या भाषांत सारखाच असतो.

दादाने कागद माझ्या हातात दिले.

पेशकार त्याला म्हणाला, “तू उधर बैठ, नीम के नीचे. मोटर पर नज़र रख, कोई हाथ न लगाए.” मग माझ्याकडे वळून, “आइए मास्टर साहब, अंदर आइए. धूप में क्यों खड़े हैं?”

दादाने माझ्याकडे पाहिलं. तो वाट पाहत नव्हता, निदान मला तसं वाटलं नाही. एखादा मुलगा फळ्यावर गणित करायला उभा राहिला की तो बघायचा तसा बघत होता. येईल याला, थोडा वेळ द्यावा, असा.

“हे माझे थोरले भाऊ,” एवढंच म्हणायचं होतं. हिंदीत तर त्याहून सोपं होतं.

मी हातातली कागदांची सुरळी सारखी केली. दादा वळला आणि लिंबाखाली जाऊन बसला.

आत मला खुर्ची मिळाली. वाळ्याचं पाणी आलं. पेशकाराने विचारलं, आपण कुठे शिकलात? मी नागपूर सांगितलं. बी. ए.? जी. वा, मग तर काय! वय मात्र कमी दिसतं आपलं. मी हसलो. प्रत्येक प्रश्नाला मी ठरवत होतो की याच्यानंतर सांगू, आणि प्रत्येक उत्तराने सांगणं आणखी अवघड होत होतं. आधी का नाही सांगितलं, असं तो विचारील याची भीती होती. पण नुसती भीती नव्हती. ती खुर्ची मला आवडली होती. खिडकीतून लिंब दिसत होता. दादा बुंध्याला टेकून बसला होता आणि टोपी काढून तिने वारा घेत होता. एक म्हातारा माळी त्याच्याशी बोलत होता. दादा त्याला हातवारे करून काहीतरी समजावून सांगत होता. बहुधा मोटार कशी चालते ते. त्यातलं त्याला काहीच कळत नव्हतं.

पाव तास तरी असा गेला असेल. मग दिवाणसाहेबांनी बोलावलं.

ते म्हातारे होते, अंगाने बारीक, चष्मा नाकावर. त्यांनी कागदांची सुरळी सोडवली आणि वाचू लागले. वाचता वाचता त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“आपकी उमर अड़तीस साल?”

तेव्हा मी सांगितलं. मी सांगितलं असं म्हणणंही बरोबर नाही. कागदाने सांगितलं. मी चाचरत एवढंच म्हणालो की उमेदवार माझे मोठे भाऊ आहेत आणि ते बाहेर बसले आहेत.

“बाहर कहाँ?”

पेशकार माझ्यामागे उभा होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो दिवाणसाहेबांच्या कानाशी वाकून बराच वेळ काही बोलला. मग शिपाई गेला. आता तो लिंबाखाली जाऊन ‘आप’ म्हणाला असणार. दादा पायांत जोडे घालून आत आला. तोंड धुतलेलं होतं. माळ्याने पाणी दिलं असावं. बाहीवरचा डाग तसाच होता. त्याने नमस्कार केला आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. दिवाणसाहेबांनी बसा म्हटल्यावर मी उठलो. खोलीत उमेदवारासाठी खुर्ची एकच होती.

“आप उम्मीदवार हैं, तो पेड़ के नीचे क्यों बैठे थे?”

“छाँव अच्छी थी, हुजूर,” दादा म्हणाला.

दिवाणसाहेब हसले नाहीत. “हमारे आदमी ने आपको नौकर समझा. आपने कुछ कहा नहीं?”

“धूल में आया था. उनकी ग़लती नहीं है.”

“और ये आपको तू कहते हैं?”

“हमारी बोली में छोटा भाई बड़े को तू ही कहता है. माँ को भी. उसमें अपनापन है.”

“‘मुँह पोंछ’ भी अपनेपन में कहते हैं?”

म्हणजे पेशकाराला तेही समजलं होतं. मी भिंतीकडे पाहत होतो. दादाच्या उत्तराला क्षणभरही उशीर झाला नाही.

“मुँह पर सचमुच धूल थी, हुजूर.”

मग त्यांनी त्याला रीतसर प्रश्न विचारले. वर्ग किती, विषय कोणते, एकाच मास्तराला दोन वर्ग एका वेळी सांभाळायचे असतील तर कसं करावं. त्यावर दादा इतकं चांगलं बोलला की दिवाणसाहेबांनी दौतीत बुडवलेली लेखणी तशीच धरून ऐकलं. मला वाटलं, जमलं. मला खरोखर वाटलं की माझं पाप याच्या हुशारीने धुऊन निघालं.

शेवटी ते कागद परत करत म्हणाले, आणि ते वाईट रीतीने म्हणाले नाहीत, “मास्टर साहब, आप विद्वान आदमी हैं. पर हमारे स्कूल में ठाकुरों के लड़के हैं. जिसे कोई भी पेड़ के नीचे बिठा दे और वह बैठ जाए, उसे वे दो दिन में भगा देंगे. ख़ैर, ख़बर भेजेंगे.”

परतताना पुन्हा ती भिंत आली. पुन्हा दादा उतरला. मीही उतरू लागलो तर शिपाई ओरडला, ड्रायव्हर बसे! या वेळी मी गाडी दादाच्या बरोबरीने ठेवली, त्याच्या पावलाच्या वेगाने. उघडच होतं, ती दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा दादाने जोडे खाली ठेवले, अनवाणी पुढे जाऊन हँडल फिरवलं, जोडे उचलले आणि पुन्हा चालू लागला. दुकानांतले लोक हे सगळं उभं राहून बघत होते.

तिसऱ्यांदा इंजिन फुरफुरलं तेव्हा तो म्हणाला, “जा न पुढे. काहून हाल करतोस तिचे?”

मी पुढे गेलो नाही. पण त्याने काय होणार होतं?

नाका ओलांडून इंग्रजी हद्दीत आल्यावर मी म्हटलं, “दादा, मी सांगणारच होतो.”

“हो, माहीत आहे,” तो म्हणाला. “समोर बघ, म्हैस आहे.”

त्यापुढे जबलपूर येईपर्यंत तो रस्त्यावरच्या गोष्टींबद्दलच बोलला. उस्तादच्या गॅरेजमध्ये गाडी परत केली तेव्हा उस्तादने बॉनेटवरचा खडूचा आकडा पाहून विचारलं, “क्यों मास्साब, काम बना?” दादा म्हणाला, “गाड़ी तो बढ़िया चली.” घरी आईला त्याने सांगितलं, “त्यांना पदवीवाला पाहिजे आहे, आई. दिसून राहिलं तसं.” आणि मग मोटारीच्या गोष्टी सुरू केल्या. मला कशी हौस आली, मी याला कसा भरीला घातला, विहिरीवर मी कसा घसरलो. ‘मी’ म्हणजे तो स्वतः. मी शेजारी जेवत होतो. मोटारीचं खूळ कोणाचं ते आईला माहीत होतं, तरी ती हसत होती. मी वरणभात कालवत राहिलो.

पंधरा-वीस दिवसांनी रियासतीच्या शिक्क्याचं पाकीट आलं. घरात येणारं प्रत्येक पत्र दादाच उघडायचा. त्याने उघडलं, उभ्याउभ्या वाचलं, आणि पुन्हा एकदा बसून वाचलं. मग माझ्याकडे दिलं. हेडमास्तरची जागा त्यांनी मला देऊ केली होती. पदवी होती, इंग्रजी चांगलं होतं, आणि ‘उमेदवाराचा रुबाब संतोषकारक आहे’ अशा अर्थाचं एक वाक्य होतं. ते पेशकाराचं असावं. त्याने आपली चूक अशी दुरुस्त करून घेतली होती. पहिल्या भेटीत मास्टर साहब म्हटलं, तो मास्टर साहबच निघाला.

आई चुलीपुढून उठून आली. “अगबाई! म्हणजे आली न जागा घरातच?”

“हो,” दादा म्हणाला. “घरातच आली.”

मी म्हटलं, मी नाही जात. हे मी म्हटलं खरं, पण किती हळू म्हटलं ते मला आठवतं. ज्याला खरंच जायचं नसतं तो इतक्या हळू बोलत नाही.

“काहून? माझ्यासाठी?” दादा म्हणाला. “तू नाही गेलास तर ते मला थोडीच देऊन राहिले? तिसराच कोणी जाईल. बस इथे. मी मसुदा लिहितो, तू नक्कल कर.”

त्याने दौत घेतली, कागदाला समास पाडला आणि मायना लिहिला. मी समोर बसलो होतो. त्याने विचारलं, “हजर कधीपासून होतो म्हणून लिहू?”

“तुम्ही म्हणाल तसं,” मी म्हटलं.

ठरवून म्हटलं नव्हतं. त्या कचेरीपासून ‘तू’ म्हणायला तोंड उघडलं की पेशकाराचा साफा डोळ्यांपुढे येई आणि मी वाक्य फिरवून घेई. ‘जेवायला बसायचं का,’ ‘छत्री न्यायची का,’ असं कर्ता गाळून बोलत होतो. त्या दिवशी गाळता आला नाही. दादाची लेखणी थांबली. त्याने मान वर केली नाही. कागदावर शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. तो त्याने टिपकागदाने टिपला आणि पुढे लिहू लागला.

मी त्या शाळेत रियासत विलीन होईपर्यंत होतो. मला घर मिळालं, शिपाई मिळाला, माझं लग्न तिथूनच झालं. आई येऊन राहून गेली. दादाला मी दर सुट्टीला बोलावलं. प्रत्येक वेळी त्याने परीक्षांचं, तब्येतीचं, आणि पुढे पुढे गुडघ्यांचं कारण लिहिलं. गढ्याच्या शाळेत तो शेवटपर्यंत सहायकच राहिला. मी जबलपूरला परत आलो तेव्हा त्याने एकदाच, अगदी सहज, विचारलं होतं, “आता आपल्याच गावात आहेस. जुन्यासारखं बोलशील की नाही?” मी हसण्यावारी नेलं. मला ते येत नव्हतं. शेवटच्या दुखण्यात मी त्याच्या उशाशी बसून होतो, “तुम्हाला पाणी देऊ का, तुम्हाला उठवून बसवू का,” असं विचारत. आणि तो डोळे मिटून मानेनेच हो-नाही सांगत होता.

आता लोक भेटायला येतात. गढ्याचे त्याचे जुने विद्यार्थी येतात, शेजारचे येतात, नात्यातले येतात. सतरंजीवर बसतात, त्याच्या तसबिरीकडे पाहतात आणि हटकून एक गोष्ट काढतात. काल एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले होते. माझ्याकडे बोट दाखवून ते मुलाला म्हणाले, “बघ, शिक यांच्याकडून. एवढे शिकले, हेडमास्तर झाले, पण थोरल्या भावाला उभ्या जन्मात कधी अरे-तुरे केलं नाही.”

त्या मुलाने माझ्याकडे आदराने पाहिलं. मी मान हलवली आणि चहा सांगायला आत गेलो.